पाचवा टायर

नवी मोटार घ्यायला गेलेला माणूस काय काय पाहतो, याचे मला मोठे कौतुक वाटते. तो रंग पाहतो. दार उघडून पुन्हा लावतो आणि त्याचा आवाज भारदस्त आहे की नाही, हे जाणकाराच्या चेहऱ्याने ऐकतो. गादीवर बसून थोडा उसळतो. मागची डिकी उघडून तीत किती पिशव्या मावतील, ते बायकोला विचारतो. एवढे झाले की गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो आणि जाता जाता पुढच्या चाकाला बुटाने हळूच एक लाथ मारतो. ही लाथ कशासाठी असते, हे मला अजून समजलेले नाही. मीही ती मारली होती. टायर काळे आहेत, गोल आहेत आणि चार आहेत, एवढी माझी त्या वेळी खात्री पटली. पाचवा डिकीत, सामानाच्या खाली आहे, असे विक्रेत्याने सांगितले. ते मी ऐकून घेतले. त्यानंतर दहा वर्षे टायर या विषयाकडे मी लक्ष दिले नाही.

दहा वर्षे म्हणजे २०१४च्या दिवाळीतल्या पाडव्यापासून २०२४च्या आषाढापर्यंत. त्या पाडव्याला आम्ही ऑल्टो घेतली. आमच्या घराण्यातली ती पहिली मोटार. मी शाळेत गणित शिकवत होतो आणि नुकताच निवृत्त झालो होतो, त्यामुळे कोणती गाडी कमी पेट्रोल खाते, कोणत्या गाडीचे सुटे भाग स्वस्त, याची मी इतकी कोष्टके मांडली, की ही म्हणाली, "एवढ्या खटाटोपात तुम्ही गावातल्या चार मुलींची लग्नं जुळवली असतीत!" पण कोष्टकांनी दगा दिला नाही. गाडी लिटरला वीस किलोमीटर देई, आणि मी ते प्रत्येक वेळी वहीत लिहून ठेवी.

गाडीला मी जपले. तिला कापडी झूल शिवून घेतली. भाजी आणायला मी पायी जात असे, बँकेत सायकलवरून. मोटार काढायची ती लग्नाला, दवाखान्याला, नाहीतर मुलीकडे चिपळूणला जायला. दहा वर्षांत ती पस्तीस हजार किलोमीटर चालली. शेजारी म्हणत, "सर, तुमची गाडी अजून कोरी दिसते." मी वरवर हसत असे, पण आतून मला परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखे वाटे.

आणि मग कुंभार्ली घाटात ती म्हैस आडवी आली.

कराडहून चिपळूणला जायचे म्हणजे पाटण, कोयनानगर, हेळवाक करीत कुंभार्ली घाट उतरायचा. आमच्याकडे चार दिवस राहायला आलेल्या नातीला आम्ही परत पोचवायला निघालो होतो. घाटमाथ्यावर पाऊस आणि धुके यांची भागीदारी चालली होती. माझा वेग तीस-पस्तीसचा. तरुण मुले हॉर्न वाजवीत मला मागे टाकून जात होती, आणि त्यांच्या अविचाराबद्दल मी हिच्याशी बोलत होतो. एवढ्यात वळणापलीकडे, रस्त्याच्या मधोमध, एक म्हैस शांतपणे उभी असलेली दिसली. मी ब्रेक दाबला. चाके थांबली, गाडी थांबली नाही.

हे लिहायला सोपे आहे. तेव्हा मात्र ते मला समजायलाच काही क्षण गेले. पाय ब्रेकवर होता, चाके फिरत नव्हती, आणि तरीही समोरचा दगडी कठडा आमच्याकडे येत होता. मी स्टिअरिंग फिरवले, तर ते दुसऱ्याच कोणाच्या तरी गाडीचे असावे, तसे गाडीने माझे काहीएक ऐकले नाही. म्हशीने मान वळवून आमच्याकडे पाहिले, पण बाजूला व्हायचे कष्ट घेतले नाहीत. तिच्या शेपटीजवळून तिरकी होत जाऊन गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. कठड्यापलीकडे नुसते पांढरे धुके होते.

मागून नातीने विचारले, "आजोबा, आपण घसरगुंडी खेळलो का?"

ही काही बोलली नाही. माझ्या हातावर तिने आपला हात ठेवला, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "निघू या." त्यानंतर चिपळूण येईपर्यंत तिने तोंडातून शब्द काढला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात हिच्या बोलण्याची मला सवय झाली आहे; न बोलण्याची नाही.

घसरगुंडीची हकीकत नातीने आपल्या आईला घरात पाऊल टाकताक्षणीच सांगितली. मुलीने ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी आम्ही निघताना ती म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी हे तिला आणतील-नेतील. तुम्ही कशाला दगदग करता?" 'दगदग' हा शब्द तिने किती जपून निवडला होता, हे मला समजले. शाळेत असताना एखाद्या मुलाला नापास करायचे झाले, की मीही असाच बरा शब्द शोधत असे.

त्या रात्री मला झोप आली नाही. अशा वेळी काही लोक नामस्मरण करतात. मी उठून गणित मांडतो. गाडीचे वजन सातशे किलोंच्या आसपास. आम्ही माणसे आणि सामान मिळून अडीचशे. एकूण साडेनऊशे. ते चार चाकांवर वाटले तर एकेका चाकावर सुमारे दोनशे सदतीस किलो. टायरमधल्या हवेचा दाब तीस पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन पूर्णांक एक किलो. भागाकार केला, तेव्हा एक टायर जमिनीला जेवढा टेकतो ती जागा सुमारे एकशे तेरा चौरस सेंटिमीटर आली. पोस्टाचे कार्ड चौदा सेंटिमीटर लांब आणि नऊ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे एकशे सव्वीस. मी टेबलाच्या खणातून एक जुने कार्ड काढून हातात धरले. याहून थोडी लहान अशी चार कार्डे, आणि त्यांवर आम्ही तिघे! इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, माझी चाळीस वर्षांची सावधगिरी, हे सगळे अखेर त्या चार कार्डांवरूनच रस्त्यापर्यंत पोचायचे.

सकाळी मी टायर तपासायला बसलो. खाचांत तळाशी मध्येमध्ये रबराचे बारीक उंचवटे असतात; त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते, आणि टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो निकामी समजायचा. आमच्या टायरांच्या खाचा त्या उंचवट्यांहून कितीतरी खोल होत्या. गोटा झालेला टायर मी पाहिलेला आहे; हे तसे मुळीच नव्हते. "टायर तर शाबूत आहेत," मी हिला म्हटले. "दोष रस्त्याचा. आणि म्हशीचा."

माझे हे म्हणणे केवळ चिकटपणातून आले, असे कोणी समजू नये. त्याला संस्कार म्हणतात. माझे वडीलही शिक्षक. त्यांच्या सायकलचा टायर फाटला, की ते आतून जुन्या टायरचा तुकडा लावून तो चालवीत. तोही फाटला की त्याचे तुकडे पुढच्या टायरसाठी ठेवले जात. मोटारीच्या टायरचे तळ असलेल्या चपला आम्ही घालत असू, आणि त्या चपलांना मरण नसे. उरलेली चकती आम्ही पोरे काठीने पळवीत गावभर फिरत असू. खाच शिल्लक असलेला टायर टाकून देणे म्हणजे आमच्या घरात भरलेले ताट उलटे करण्यासारखे झाले असते.

तरीही मी चौकशी सुरू केली. आणि ज्याला गावात कोणी सल्ला देत नाही अशा माणसाने टायर घ्यायला निघावे, असे मी अनुभवाने सांगतो. पलीकडचे निवृत्त तहसीलदार म्हणाले, "सर, चार कशाला? दोनच घ्या आणि पुढं टाका. ओढतात ती पुढची चाकं." त्यांचा मुलगा म्हणाला, "काका, एक नंबर रुंद टाका. गाडी उठून दिसेल." कोपऱ्यावरचा दूधवाला म्हणाला, की त्याच्या टेम्पोला तो जुन्या टायरवर नवे रबर चढवून घेतो, निम्म्याहून कमी पैशांत काम होते. भाच्याने पुण्याहून कळवले, की काहीही घे, पण नायट्रोजन भर. चौघांचे चार सल्ले एका गाडीला लावले असते, तर ती म्हशीपर्यंतसुद्धा पोचली नसती.

शेवटी मी महामार्गालगतच्या एका टायरवाल्याकडे गेलो. हा गृहस्थ मूळचा केरळातल्या कोट्टयमकडचा. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर पंक्चर काढणारा माणूस बहुधा मल्याळी असतो, हे प्रवाशांना ठाऊक आहे. हाही तरुणपणी पंक्चर काढायलाच आला आणि पंचवीस वर्षांत दुकानदार झाला. मराठी चांगले बोलतो; फक्त 'टायर'मधल्या 'र'वर थोडा जास्त वेळ थांबतो.

मी त्याला खाचा दाखवल्या. तो खाली वाकलाच नाही.

"सर, खाच बघू नका. आकडा बघा."

टायरच्या कडेला लंबगोल चौकटीत चार आकडे होते : २०१४.

"बरोबर," मी म्हटले. "गाडी २०१४चीच आहे."

"हे साल नाही सर. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. विसावा आठवडा, चौदा साल. साल जुळलं हा योगायोग."

दहा वर्षे तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर फिरत होता, आणि चाळीस वर्षे आकडे शिकवणाऱ्याला तो वाचता आला नव्हता! मग त्याने मला कडेचे रबर टॉर्चने दाखवले. शेतात राबणाऱ्या माणसाच्या टाचेला पडाव्यात तशा बारीक भेगा तिथे पडल्या होत्या. "नख लावा," तो म्हणाला. मी अंगठ्याचे नख खाचेवर दाबले. ते रुतले नाही. शेजारच्या नव्या टायरवर दाबले, तर नखाची चंद्रकोर क्षणभर उमटून हळूहळू नाहीशी झाली.

"ओल्या रस्त्याला हे नखासारखं धरतं," तो म्हणाला. "तुमचा धरत नाही. खाच पाणी बाहेर टाकते, पण रस्ता धरतं ते रबर. तुमची खाच जिवंत आहे, रबर म्हातारं झालंय."

त्याने मग चहा मागवला आणि आपल्या घरामागच्या रबराच्या झाडांची गोष्ट सांगितली. त्याचे वडील उजाडण्यापूर्वी हातात वाकडी सुरी घेऊन झाडांमागून झाडे हिंडत. सालीला तिरकी चीर देत, आणि नारळाच्या करवंटीत पांढरा चीक थेंबथेंब साचे. झाड लावल्यापासून चीक निघेपर्यंत सहा-सात वर्षे वाट पाहावी लागते. नुसता चीक वाळवून केलेले रबर उन्हाळ्यात चिकटते आणि थंडीत कडक होते. त्यात गंधक घालून ते तापवले की टिकाऊ होते, हे १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरच्या ध्यानात आले. टायरमध्ये काजळीही घालतात. तिच्यामुळे तो काळा होतो आणि कमी झिजतो. पण काही घातले तरी हवेतला प्राणवायू, ऊन आणि उष्णता आपले काम करीतच राहतात. रबरातला मऊपणा वर्षावर्षाने जातो. म्हणून टायर बनवणारेच सांगतात, की पाच वर्षांनंतर तो दर वर्षी जाणत्याकडून तपासून घ्या, आणि दहा झाली की खाचा कितीही खोल असोत, काढून टाका.

"मी गाडी फार कमी चालवली," मी म्हटले. माझ्या आवाजात थोडी तक्रार होती.

"तेच तर, सर. टायरमध्ये मेण घातलेलं असतं. टायर फिरला, दबला, की ते वर येतं आणि रबराला सांभाळतं. उभा ठेवला की येत नाही. चालवला असता तर झिजला असता. नाही चालवला म्हणून वाळला."

मला माझ्याजवळचा शेवटचा पत्ता आठवला. "निदान पाचवा तरी कोरा आहे," मी म्हटले. "एकदाही जमिनीला लागलेला नाही."

आम्ही स्टेपनी बाहेर काढली. या शब्दाची एक गंमत आहे. वेल्समध्ये लानेली नावाचे गाव आहे. तिथल्या स्टेपनी रस्त्यावर १९०४च्या सुमारास दोघा डेव्हिस बंधूंनी मोटारीसाठी जादा चाक बनवायला सुरुवात केली. त्यापूर्वी मोटारीबरोबर जादा चाक नसे. पंक्चर झाले की गडी रस्त्यातच बसून काढी. इंग्रजांनी तो शब्द टाकून दिला, आपण मात्र जपून ठेवला. एकंदरीत जपून ठेवण्याची हौस माझ्या एकट्याचीच नाही.

आमची स्टेपनी खरोखरच कोरी होती. साच्यातून निघताना नव्या टायरच्या अंगावर रबराचे बारीक केस राहतात. तेसुद्धा तिच्यावर तसेच होते. मी विजयी मुद्रेने त्याच्याकडे पाहिले. त्याने टॉर्च फिरवला. आकडा तोच : २०१४.

"ह्यांचाच भाऊ आहे, सर," तो म्हणाला. "घरी बसून म्हातारा झाला."

त्याला ते मला उद्देशून म्हणायचे नव्हते, याची मला खात्री आहे. पण गाडी घेऊन घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या शेजारी बसून होते.

घरी आल्यावर मी हिला सगळे सांगितले, आणि शेवटी म्हटले, "चार घेऊ. पाचवा मात्र राहू दे. एकदाही न वापरलेली वस्तू टाकून देणं माझ्या जिवावर येतं."

ही वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या शालूचं काय झालं, आठवतं ना?"

मला आठवत होते. लग्नातला शालू तिने तीनदा नेसला असेल. मग तो पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत गेला. मुलीच्या लग्नात नेसायचा म्हणून वीस वर्षे तो तिथेच होता. वर्षातून एकदा ती ट्रंक उघडी, फडक्यावरून हात फिरवी आणि पुन्हा बंद करी. आणि मी तिच्या जपणुकीची पाहुण्यांजवळ तारीफ करी. मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तिने तो बाहेर काढून उलगडला, तेव्हा तो घडीघडीवर विरला होता. प्रत्येक घडीशी एक सरळ रेघ, जणू पट्टीने मारलेली. नेसून फाटला असता तर तिला एवढे वाईट वाटले नसते. त्या दिवशी लग्नघरात रडायला वेळ नव्हता. तिने शालूची पुन्हा घडी केली आणि ती दुसरे लुगडे नेसली.

"तो वापरला नाही, म्हणून उरला असं आपण म्हणत होतो," ती म्हणाली. "उरला नव्हताच तो."

दुसऱ्या दिवशी मी टायरवाल्याकडे जाऊन पाच टायर सांगितले.

आता प्रश्न आला तो कोणते घ्यायचे, याचा. टायरच्या कडेवरचे लिखाण वाचायला मी आता शिकलो होतो. १४५/८० आर १२ ७४ टी. यातला १४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे त्याची उंची, रुंदीच्या शेकडा ऐंशी. आर म्हणजे रेडियल, आतले धागे आडवे विणलेला. १२ म्हणजे लोखंडी चाकाचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने असे लिहिले असते, तर मी त्याचे गुण कापले असते. पुढचा ७४ हा कोष्टकातला आकडा. त्याचा अर्थ एक टायर ३७५ किलो पेलतो. चौघांचे मिळून १५००, म्हणजे आमच्या गाडीला पुरून उरण्याइतके. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. या अक्षराचा मला आयुष्यात उपयोग होणार नाही.

रुंद टायरचा विचार टायरवाल्याने एका वाक्यात निकालात काढला. "कंपनीनं जो आकार लिहिलाय तोच घ्यायचा. रुंद टायर ओढायला जड, पेट्रोल जास्त लागतं. आणि घेर बदलला तर वेगाचा काटा खोटं बोलतो." दोनच घेऊन पुढे टाकण्याबद्दलही तो म्हणाला, की दोनच घ्यायचे असतील तर चांगले दोन मागे टाकायचे. पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते. पाय सैल केला की पुष्कळदा ती ताब्यात येते. मागची घसरली तर गाडी जागच्या जागी गरकन फिरते, आणि मग चालवणाऱ्याच्या हाती काही राहत नाही. नायट्रोजनविषयी मात्र मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आपल्या भोवतीच्या हवेत शेकडा ७८ भाग नायट्रोजनच असतो. उरलेल्या बावीस भागांसाठी पैसे मोजण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी हवा तपासून घ्यावी. हवा कमी असली की टायर दोन्ही कडांना झिजतो, जास्त असली की मध्ये. आणि कमी हवेचा टायर पेट्रोलही जास्त पितो.

मग त्याने माझ्यापुढे दोन टायर ठेवले. एक कडक रबराचा. साठ हजार किलोमीटर टिकेल, पेट्रोलही वाचवील, असा. दुसरा मऊ. लवकर झिजेल, पण ओल्या रस्त्याला चांगला धरील. पूर्वीचा मी डोळे मिटून पहिल्यावर बोट ठेवले असते. पण आता मी खिशातून पेन्सिल काढली. आमची गाडी वर्षाला साडेतीन हजार किलोमीटर चालते. साठ हजार व्हायला सतरा वर्षे लागतील. आणि रबर तर दहाव्या वर्षी म्हातारे होणार. म्हणजे न वापरताच टाकून द्यायच्या सात वर्षांचे पैसे मी आज भरायचे! आता पेट्रोल. साडेतीन हजार किलोमीटरना पावणेदोनशे लिटर. त्यात शेकडा तीन वाचले असे धरले, तरी वर्षाला पाच-सव्वापाच लिटर, म्हणजे पाचशे रुपयांच्या घरात. दर महिन्याला चाळीस-पंचेचाळीस रुपये. जो माणूस रोज शंभर किलोमीटर तापलेल्या महामार्गावर चालतो, त्याला कडक टायरच परवडेल; त्याचे गणित वेगळे. माझ्या गणितात कुंभार्ली होता, आषाढ होता आणि मागच्या गादीवर नात होती. मऊ टायर घेणे हीच माझी काटकसर, असे उत्तर आले. ते मी दोनदा ताडून पाहिले. हिशेबात चूक नव्हती. इतकी वर्षे उदाहरणच चुकीचे मांडले होते.

एका टायरचे दोन हजार नऊशे, पाचांचे साडेचौदा हजार. ही बरोबर आली होती. नव्या टायरवरचा आकडा वाचायला ती वाकली आणि दचकून उभी राहिली.

"अहो, हा तर १९२४चा! शंभर वर्षांचा टायर गळ्यात मारताहेत तुमच्या!"

एकोणिसावा आठवडा, चोवीस साल, असे मी तिला समजावून सांगितले. ज्ञान मिळाल्यानंतर ते दुसऱ्याला देण्याइतका आनंद कशात नाही. विशेषतः ते आपल्याला आठच दिवसांपूर्वी मिळालेले असले म्हणजे. टायरवाला गालात हसला, पण शब्दाने काही बोलला नाही. फक्त बिल देताना म्हणाला, "सर, पाचवा डिकीत ठेवून विसरू नका. आठ हजार किलोमीटर झाले की त्याला खाली घ्यायचा, खालचा एक वर ठेवायचा. पाची पाळीनं चालले पाहिजेत."

सप्टेंबरात गणपतीला आम्ही चिपळूणला गेलो. पाऊस होता, धुके होते, वळणेही तीच होती. या वेळी एका वळणावर बैलगाडीएवढा गवताचा भारा घेतलेली दोन माणसे आडवी आली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. ती माणसे गेली. आम्ही निघालो. यात सांगण्यासारखे काही नाही, हे मला समजते. पण चांगल्या टायरची गोष्ट अशीच असायची. ही मात्र त्या वळणानंतर बोलू लागली आणि चिपळूणपर्यंत बोलत होती.

गौरी-गणपतींचे विसर्जन झाले आणि आम्ही परत निघालो. मुलगी अंगणात गाडीपाशी उभी होती. ती खाली वाकली आणि तिने मागच्या टायरवरून हात फिरवला.

"नवे घेतलेत, बाबा?"

"पाचही," मी म्हटले.

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात नातीची पिशवी होती, आणि मागोमाग एका पायात चप्पल घालत नात येत होती. शाळेला अजून चार दिवस सुट्टी होती.

आठ हजार किलोमीटर व्हायला आमच्या जुन्या हिशेबाने सव्वादोन वर्षे लागायला हवी होती. ती अकरा महिन्यांत झाली. मधल्या काळात आम्ही पंढरपूरला गेलो, गणपतीपुळ्याला गेलो, गोव्यात आठ दिवस राहून आलो. चिपळूणच्या खेपा तर मी मोजल्याच नाहीत. पेट्रोलची वही बदलावी लागली, एवढेच सांगतो. गाडीवर आता दोन ओरखडे आहेत, आणि शेजारी ती कोरी दिसते असे म्हणत नाहीत.

२०२५च्या श्रावणात मी गाडी टायरवाल्याकडे नेली. ही मंगळागौरीच्या हळदीकुंकवाला निघाली होती. मुलीने दिवाळीत घेतलेली पैठणी नेसली होती. टायरवाल्याने पाचवा टायर डिकीतून काढला, मागच्या डाव्या चाकाला बसवला. त्याच्यावरचे रबराचे केस अजून तसेच उभे होते. हिला तिच्या मैत्रिणीच्या घरी सोडले, आणि घरी येऊन मी मुद्दाम खाली वाकून पाहिले. सगळे झडून गेले होते.